पाचवा ‘का’ आणि आमची डिझाइन रूम

आमच्या खोलीत दर आठवड्याला दोन गोष्टी साचतात. एक, पिवळ्या-गुलाबी चिकट चिठ्ठ्या. दुसरी, किस्से. चिठ्ठ्या मी शनिवारी भिंतीवरून काढून पोत्यात भरते. किस्से कशात भरायचे? डब्याच्या वेळी ऑफिसातल्या बायकांना सांगते, घरी जाऊन मुलीला सांगते, आणि तरी उरतातच! परवा मुलगी म्हणाली, "आई, तोच किस्सा तू मला तिसऱ्यांदा सांगतेयस. आता लिहून तरी काढ." म्हणून लिहिते.

मी सुरतेत एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. शिकवायला नाही, गैरसमज नको! माझं शिक्षण बारावीपर्यंत, तेही खान्देशातल्या धरणगावकडचं. लग्न होऊन सुरतेतल्या लिंबायतला आले, आणि आता कितीतरी वर्षं पर्वत पाटियाच्या पुढच्या या कॉलेजात डिझाइन रूम सांभाळते. कुलूप उघडायचं, कातरी-पुठ्ठे-डिंक द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा, झाडून घ्यायचं. मुलं मला मासी म्हणतात. गुजरातीत मावशीला मासी.

या खोलीत जो विषय चालतो त्याचं नाव डिझाइन थिंकिंग. दारात बसून ऐकत आले, त्यावरून मला कळला तो असा. काही बनवायच्या आधी, ज्याच्यासाठी बनवायचं त्या माणसाकडे जा. त्याला विचार. तो बोलेल ते ऐक. आणि ऐकलेलं खरं आहे का, तेही तपासून बघ. एवढंच! पण इंजिनिअरिंगच्या मुलांना एवढंच जड जातं. दोन पानांचं गणित सोडवतील, पण एका माणसाला एक प्रश्न विचारायचा म्हटलं की एकमेकांना पुढे ढकलतात.

विषय शिकवतात जिगीशा मॅडम. बाई बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक, रागावल्या तरी पुढच्या बाकालाच कळतं. विभागाचे मोठे साहेब मात्र या विषयावर नाराज. येता-जाता दारातून डोकावतात आणि म्हणतात, "इथे चाळीस कॉम्प्युटर मावले असते!"

आणि एक हर्षल. हा आमच्या लिंबायतचाच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. वडील लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर. पोरगा सगळ्या विषयांत पहिल्या पाचांत, आणि या एकाच विषयात दोनदा नापास! इच्छापोरच्या एका कारखान्यानं त्याला नोकरीचं पत्र दिलेलं. अट एकच, जुलैच्या आत सगळे विषय सुटलेले पाहिजेत. म्हणजे तिसरी परीक्षा शेवटची. पास झाला तर नोकरी, नाही तर पत्र रद्द. आणि त्याच्या आईनं तर पत्र आलं त्याच दिवशी गल्लीत पेढे वाटून टाकलेले.

तो दोनदा नापास कसा झाला, तेही किस्सेच आहेत. ओघात येतील.

*

आमच्या खोलीच्या कोपऱ्यात एक बेसिन आहे. त्याचा नळ गळायचा. मॅडमनी तोच धडा करून टाकला. "हा प्रॉब्लेम आहे. आठवडाभरात उत्तर आणा."

मुलं खूश. आठवडाभर चिठ्ठ्यांनी भिंत भरली. शेवटच्या दिवशी एक ग्रुप पुढे आला, मोठ्या स्क्रीनवर चित्रं लावली. नळाला सेन्सर. सेन्सरला वायफाय. पाणी गळायला लागलं की मोबाइलवर मेसेज!

मॅडम म्हणाल्या, "छान. मेसेज कोणाच्या मोबाइलवर?"

"मासींच्या!"

सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अरे बाळांनो, मी नळाच्या शेजारीच बसते."

मग एक मुलगा हळूच म्हणाला, "मासी, तुम्ही जागा बदलली तर?"

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला आणि वॉशर बदलून गेला. मुलांनी त्याला विचारलं, "काका, तुम्ही कोणती मेथड वापरली?" तो म्हणाला, "पाना."

*

आता रमीलाबेनचा किस्सा. हा आमच्याकडे फार गाजला.

मॅडमनी सांगितलं होतं, शहरात जा, कष्टाचं काम करणाऱ्या एका माणसाला भेटा, त्याच्या अडचणी विचारा आणि फाइल करून आणा. पंधरा दिवस दिले. फाइली आल्या. मॅडम दुपारी डबा खाता खाता वाचत होत्या. पहिल्या फाइलीत रमीलाबेन, वय बेचाळीस, भाजी विकतात, दोन मुलं, गुडघे दुखतात. दुसऱ्या फाइलीत रमीलाबेन, वय बेचाळीस, दोन मुलं, गुडघे. तिसरी उघडली, रमीलाबेन!

मॅडमनी डबा बाजूला ठेवला. सगळ्या फाइली जमिनीवर पसरल्या आणि मला म्हणाल्या, "मासी, या बाईचे गुडघे दुखणार नाहीत तर काय होईल? नऊ ग्रुप हिच्याकडे जाऊन आलेत!"

वर्गात त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला रमीलाबेनना भेटायचंय. उद्या त्यांना घेऊन या. रिक्षाचं भाडं मी देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडते तोच तीन मुलं उभी.

"मासी, एक काम हतुं."

"बोल."

"एक तास रमीलाबेन बना ना."

मी म्हटलं, "अरे, माझे गुडघे दुखत नाहीत."

"थोडे तरी?"

"जरासुद्धा नाही."

त्यातला एक फार निराश झाला. म्हणाला, "मासी, जिने तरी चढता ना रोज?"

मी काही रमीलाबेन झाले नाही. शेवटी वर्गात सगळ्यांनी कबूल केलं. एका सीनियरची जुनी फाइल होती, तिच्यावरून सगळ्यांनी उतरवलं होतं. ती बाई मुळात होती की नव्हती, हे त्या सीनियरलाच ठाऊक.

मॅडम म्हणाल्या, "ठीक. पण एक सांगा. आठ फाइलींत वय बेचाळीस आहे, एका फाइलीत त्रेचाळीस. हे त्रेचाळीस कोणी लिहिलं?"

मागून हर्षल उठला. मान खाली.

"मॅडम, ती फाइल गेल्या वर्षीची होती. म्हणून मी एक वर्ष वाढवलं."

मॅडमनी नवाच्या नऊ ग्रुप नापास केले. हर्षलचं पहिलं नापास होणं ते हे.

*

एकदा चूक माझी झाली. तीही सांगायला हवी.

मुलं पुठ्ठ्याचे, थर्माकोलचे नमुने बनवतात. त्याला प्रोटोटाइप म्हणतात. एका शनिवारी कोपऱ्यात पुठ्ठ्याचे तुकडे, स्ट्रॉ, दोरे असं काहीतरी पडलं होतं. मी झाडता झाडता पोत्यात भरलं, पोतं खाली, कचऱ्याची गाडी आली, गेलं.

सोमवारी ध्रुवी नावाची मुलगी आली आणि कोपऱ्याकडे बघत उभीच राहिली. "मासी, इथे आमचं हॉस्पिटल होतं."

चौघींची महिन्याची मेहनत! मी मॅडमकडे गेले, म्हटलं, माझ्याकडून असं असं झालंय, काय ती शिक्षा करा. मॅडमनी त्या चौघींना बोलावलं आणि विचारलं, "मासींना तो कचरा का वाटला?"

मुली रडत होत्या, पण विचार करायला लागल्या. पुन्हा बनवलं तेव्हा त्याला दारं होती, पलंग होते, आणि पलंगावर पेशंटसुद्धा होता.

तेव्हापासून झालं काय, परीक्षेच्या आधी प्रत्येक ग्रुप आपला नमुना माझ्याकडे घेऊन येतो. "मासी, खरं सांगा. हे तुम्ही टाकाल का?" मी टाकीन म्हटलं की बिचारे परत नेतात आणि पुन्हा बनवतात. मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आता पेपर तपासायलाही झाडूच लागणार!"

आता कोपऱ्यातल्या प्रत्येक ढिगाऱ्यावर चिठ्ठी असते, "मासी, आ कचरो नथी," म्हणजे हा कचरा नाही. मागच्या महिन्यात मी एक ढीग चिठ्ठीमुळे आठ दिवस तसाच ठेवला. नंतर कळलं, तो कचराच होता. चिठ्ठी उडून आली होती.

*

ध्रुवीचाच एक छोटासा. मॅडमनी शिकवलं होतं की मत वेगळं आणि पुरावा वेगळा. दोन्हींची गल्लत करायची नाही.

मी त्या दिवशी चहा केला होता. ध्रुवी पिऊन म्हणाली, "मासी, चहा मस्त झालाय."

मी खूश.

"पण हे फक्त माझं मत आहे हं, मासी. पुराव्यासाठी अजून एक कप लागेल!"

*

या विषयात एक खेळ आहे. काहीही झालं की पाच वेळा ‘का’ विचारायचं. पहिल्या ‘का’ला माणूस सवयीचं उत्तर देतो, दुसऱ्याला जरा थांबतो, आणि पाचव्यापर्यंत गेलं तर खरं कारण हाती लागतं, असं मॅडम सांगतात. मुलांना घरी करून बघायला सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ खोलीत आले. पांढरा सफारी, हातात चाव्यांचा जुडगा, चेहरा लाल. पर्वत पाटियाच्या बाजूला त्यांचं साड्यांचं दुकान. त्यांचा मुलगा आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला.

"मॅडम कोण?"

मॅडम उभ्या राहिल्या.

"तुम्ही माझ्या पोराला काय शिकवलंय? परवा जेवताना मला विचारतो, पप्पा, तुम्ही दुकान दहा वाजता का उघडता? मी म्हटलं, सगळं मार्केट दहाला उघडतं. तर म्हणतो, का? मी म्हटलं, गिऱ्हाईक त्याच वेळी येतं. तर म्हणतो, का? मी म्हटलं, अरे, दुकानं त्याच वेळी उघडतात म्हणून! तर परत, का?"

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मग काय! मी चप्पल शोधायला लागलो."

गृहस्थांनी खुर्ची ओढली, बसले, रुमालानं कपाळ पुसलं. मी पाणी दिलं. ते प्यायले. मग आवाज खाली आणून म्हणाले,

"चप्पल सापडेपर्यंत पोरगा पळाला. पण बेन, त्या चौथ्या ‘का’चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दोन दिवस झाले, गल्ल्यावर बसतो आणि तेच डोक्यात. मी एवढंच विचारायला आलोय..."

"काय?"

"पाचवा ‘का’ काय असतो?"

*

हर्षलचं दुसऱ्यांदा नापास होणं मात्र मन लावून झालं. या वेळी त्यानं काहीही उतरवलं नाही.

बॅकलॉगवाल्यांना, म्हणजे विषय राहिलेल्यांना, प्रोजेक्ट एकट्यानं करावा लागतो. यानं आपल्याच गल्लीतलं काम घेतलं. आमच्या लिंबायतला घरोघर साड्यांचे गठ्ठे येतात. साडीच्या उलट्या बाजूला विणीचे सुटे धागे लोंबत असतात, ते बाया कातरीनं कापतात. दारात जमिनीवर बसायचं, मांडीवर साडी घ्यायची, गप्पा चालू आणि हात चालू. हर्षलची आई हेच काम करते. लग्नानंतर काही वर्षं मीही केलंय.

हर्षलला वाटलं, या जमिनीवर वाकून बसतात, पाठ जाते. यांना टेबल पाहिजे. त्यानं गल्लीतल्या अकरा बायांची उंची टेपनं मोजली. उभी मोजली, बसून मोजली, कोपरापासून बोटापर्यंत मोजली. सरासरी काढली. सहा पानांचं गणित! आणि मग एक लाकडी टेबल बनवलं, वर दिवा, बाजूला कातर अडकवायला खाच. टेबल इतकं सुबक की मी म्हटलं, हा या वेळी नक्की सुटणार.

बाहेरून परीक्षक आलेले. त्यांनी टेबल हलवून बघितलं, गणित बघितलं, मान डोलावली.

"बायकांना विचारलंत?"

"हो सर! अकरा जणींना."

"काय विचारलंत?"

"उंची, सर."

"आणखी?"

हर्षलनं वही उलटली, पालटली. "वजन विचारणार होतो, सर. आई म्हणाली, ते विचारू नकोस."

निकाल लागला. ते टेबल आता त्यांच्या घरी आहे. त्याच्यावर टीव्ही ठेवलाय. उंची अगदी बरोबर बसली, बसल्या जागेवरून नीट दिसतो!

*

नोकरीचं पत्र आलं ते या दुसऱ्या निकालानंतर. मॅडमनी हर्षलला बोलावून घेतलं. मी तेव्हा डिंकाच्या बाटल्या पुसत होते.

"या वेळी काही बनवू नकोस," मॅडम म्हणाल्या.

"मग परीक्षेला दाखवू काय, मॅडम?"

"ते नंतर. आधी आठ दिवस फक्त बघ. वहीत लिही. मोजू नकोस."

"अजिबात नाही?"

"टेप इथे ठेव."

त्यानं खिशातून टेप काढून माझ्या टेबलावर ठेवली. तोंड असं की जणू किडनी काढून दिली.

आठ-दहा दिवसांनी त्याची आई भाजी घेताना मला भेटली. आम्ही दोघी खान्देशातल्याच, त्यामुळे बोलणं अहिराणीत. तिनं माझा हात धरून बाजूला घेतलं.

"बहीन, मना पोऱ्याले काय व्हयनं? आठ दिन व्हयनात, दारमां बठस नि मनाकडेच दखस! काई बोलस नै, काई मांगस नै. वहीमां लिखस."

म्हणजे, माझ्या पोराला काय झालंय, आठ दिवस दारात बसून माझ्याकडेच बघतो, बोलत नाही, मागत नाही, वहीत लिहितो.

मी म्हटलं, "अभ्यास करस तो."

"मना अभ्यास?"

"हां."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "मी तं त्यानी दिट बी काढी टाकी!"

पोरगा तिचा अभ्यास करत होता, आणि तिनं मिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढलेली. मी हे मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हर्षलनं हे वहीत लिहिलंय का?" लिहिलं होतं. मिरच्या सात, असंही लिहिलं होतं. मोजायची सवय पूर्ण जात नाही.

*

आता शेवटचा. हा मी डोळ्यांनी बघितलाय, दारात उभी राहून.

तिसऱ्या परीक्षेचा दिवस. परीक्षक या वेळी नवे होते. उंच, जाडजूड, टाय लावलेले, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं म्हणून सारखे घड्याळ बघणारे. शेजारी मोठे साहेब. एका बाजूला जिगीशा मॅडम. बाकीची मुलं आपापले नमुने घेऊन रांगेत. हर्षलच्या हातात फक्त वही आणि एक साडी.

"प्रोजेक्ट कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, मी काही बनवलेलं नाही."

मोठ्या साहेबांनी डोळे मिटले.

"आधी टेबल बनवलं होतं, सर. त्याचा उपयोग झाला नाही. आता का नाही झाला, ते बघत होतो." त्यानं वही पुढे केली. परीक्षकांनी चार पानं वाचली, दोन उलटली.

"इथे लिहिलंय, टीव्ही उतरवून टेबलाशी बसवलं तर बाई अर्ध्या तासात उठून खाली बसते. पुन्हा बसवलं, पुन्हा खाली. सहा जणी, सहाच्या सहा. बरोबर?"

"हो सर."

"का?"

हर्षलला मी लहानपणापासून बघतेय. वर्गात एकही प्रश्न असा नसेल की त्यानं उत्तर दिलं नाही. चुकीचं देईल, पाठ केलेलं देईल, पण देईल. त्या दिवशी कानशिलावरून घामाचा ओघळ आला, मॅडमनी ओढणीचं टोक मुठीत धरलं, आणि हा म्हणाला,

"माहीत नाही, सर."

"माहीत नाही?"

"जन्मल्यापासून बघतोय सर. पण विचारलं कधीच नाही." मग एकदम म्हणाला, "विचारून येऊ?"

खोलीत हसू फुटलं. परीक्षकही हसले. हात उडवून म्हणाले, "जा! विचारून ये. तोवर मी दुसरे ग्रुप बघतो."

ते थट्टेत म्हणाले. हर्षल गेला की हो! साडी तिथेच टाकून पळत सुटला. खिडकीतून बघितलं तर फाटकापाशी रिक्षाला हात करतोय.

मोठे साहेब म्हणाले, "फोन करता येत नाही का याला?"

मी म्हटलं, "साहेब, त्याची आई काम करताना फोन उचलत नाही."

तीन ग्रुप झाले. चौथा झाला. परीक्षकांनी चहा घेतला, घड्याळ बघितलं, पेन खिशात ठेवलं. "मॅडम, याला मी गैरहजर लिहू का?" मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हीच पाठवलंत." बारीक आवाजातच म्हणाल्या, पण या वेळी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

पाचवा ग्रुप चालू असताना हर्षल आला. शर्ट पाठीला चिकटलेला, दम लागलेला.

"विचारलंस?" परीक्षक.

"हो सर."

"काय म्हणाल्या आई?"

हर्षलनं मॅडमकडे बघितलं. मॅडमचा नियम असा, की माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगायचं, आपली भर घालायची नाही. त्यानं दोन्ही हात सरळ ठेवले आणि शाळेत कविता म्हणतात तसं म्हणून टाकलं,

"तुना सायेबले सांग, पहिले खाले बठ म्हना, मंग इचार!"

परीक्षकांना कळलं नाही. मोठ्या साहेबांना कळलं नाही. दोघे मॅडमकडे बघतात, तर मॅडमनाही नाही कळलं. मग तिघे माझ्याकडे. मला पुढे व्हावं लागलं.

"साहेब," मी म्हटलं, "त्या म्हणतात, तुमच्या साहेबांना सांग, आधी खाली बसा. मग विचारा."

मोठे साहेब ताडकन उठले. "हे काय बोलणं झालं? सर, मी माफी मागतो, हा मुलगा..."

परीक्षकांनी हातानं त्यांना थांबवलं. वहीकडे बघितलं. जमिनीकडे बघितलं. मी सकाळीच पुसली होती, तरी मला वाटलं अजून एकदा पुसायला हवी होती. मग त्यांनी टाय खांद्यावर टाकला, खुर्चीचा हात धरला आणि हळूहळू, एक गुडघा, दुसरा गुडघा, असे खाली बसले.

"साडी द्या."

हर्षलनं साडी त्यांच्या मांडीवर घातली, उलटी बाजू वर. मी कातर दिली. त्यांनी एक धागा पकडला, तर साडी घसरली. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली. डाव्या हातानं ताणली तर धागा धरायला हात उरेना.

हर्षल त्यांच्या समोर बसला. "सर, बूट काढावा लागेल."

परीक्षकांनी उजवा बूट काढला.

"मोजापण, सर."

मोजा काढला. हर्षलनं साडीचा काठ त्यांच्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात अडकवला. साडी ताणून बसली. परीक्षकांनी एक धागा कापला. मग दुसरा. मग सहा-सात भराभर कापले. रांगेतली मुलं आपापले नमुने खाली ठेवून भोवती गोळा झाली.

परीक्षक थांबले. अंगठ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या एका टेबलाच्या वरच्या फळीकडे बघितलं, जिथवर पाय पोहोचलाच नसता, आणि म्हणाले, "हं."

"काय, सर?" हर्षलनं विचारलं.

परीक्षकांनी हात वर करून गुणपत्रिका मागितली. मॅडमनी दिली. त्यांनी ती मांडीवरच्या साडीवर ठेवली, लिहिली, सही केली आणि मोठ्या साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. "सर, याला तुम्ही पास केलंय! यानं तर काहीच बनवलेलं नाही. पास कशात केलं?"

परीक्षकांनी साडी सोडवायचा प्रयत्न केला. मग पाय हलवून बघितला. मग दोन्ही हात वर केले.

"ते नंतर सांगतो," ते म्हणाले. "आधी मला उठवा!"